शिंगचोच्याचं तेल

उन्हाळा लागला की आमच्या घरात आधी खाटा हलायच्या. मधल्या घरातून ओसरीवर, ओसरीवरून खळ्यात, आणि फारच काहिली झाली की धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर. समोर गिरणा नदीचं पात्र म्हणजे नुसती वाळू उरलेली असायची. दुपारी त्या वाळूवरून येणारा वारा तोंडावर भट्टी उघडल्यासारखा यायचा. माय उजाडायच्या आत ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, घाटा शिजवायला घ्यायची. तो खदखदायला लागला की लसणाचा आणि जिऱ्याचा वास पार गोठ्यापर्यंत जायचा आणि बैलसुद्धा माना वर करायचे. पहिली वाटी आबांची, वर कच्च्या तेलाची धार. मग खळ्यात ओलं धोतर अंथरून त्यावर बिबड्या थापल्या जायच्या आणि चिमण्या हाकलायला मला काठी देऊन बसवलं जायचं. चिमण्यांपेक्षा घाटा मीच जास्त खात असे.

आबा म्हणजे माझे आजोबा; भाऊ म्हणजे माझे वडील, त्यांचा मुलगा. घरात दोरखंड वळण्यापासून खाटा विणण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातचं असायचं, पण त्या वर्षी त्यांचे हातच गेले. बोटांचे सांधे सुजून लिंबासारखे झाले, मग मनगटं धरली, मग गुडघे. ओसरीवरच्या खाटेवरून त्यांना उठवायला भाऊ आणि आमचा सालदार दगा असे दोघे लागत, आणि उठताना ते लहान मुलासारखे ओरडत. भाऊ एकुलता एक मुलगा. आबांना उचलताना स्वतः दात आवळून धरत, आणि आबांना परत निजवलं की गोठ्यात जाऊन उगीच बैलांवर खेकसत. भाऊंचा आबांवर जीव होता हे मी आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणाला वाटेल की ते दुष्ट होते. ते तसे असते तर मला फार सोपं गेलं असतं.

भाऊंनी आबांना जळगावला डॉक्टरकडे नेलं. एस.टी.च्या मागच्या बाकावर गोधड्या घालून, वाटेत दर खड्ड्याला आबांची किंकाळी ऐकत नेलं. डॉक्टरने बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि दुधाबरोबर, पोटात काहीतरी घालून द्यायच्या, चुकवायच्या नाहीत, असं बजावलं. गोळ्यांचं काम मायकडे आलं. ती त्या देवळीत कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवायची.

खळ्याच्या कडेला एक म्हातारा निंब होता. फार पूर्वी त्याची एक जाड फांदी मोडून पडली होती आणि त्या जागी ढोली झाली होती. होळीनंतर तिथे राखाडी रंगाची दोन मोठी पाखरं यायला लागली. वाकडी, जाड चोच आणि चोचीवर एक लहानसं शिंग. उडताना धप धप पंख मारायची, मग थोडं तरंगायची, पुन्हा धप धप. शाळेच्या पुस्तकात त्याला धनेश म्हणतात हे मला पुढे कळलं. माय त्याला शिंगचोच्या म्हणायची. तिचं माहेर चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि तिकडच्या जंगलात ही पाखरं तिने लहानपणापासून बघितलेली. आमच्या निंबावर ती आली तेव्हा माहेरचं कुणी पाहुणं यावं तशी माय हरखली होती.

एक दिवस मादी ढोलीत शिरली ती बाहेर आलीच नाही. ढोलीचं तोंड आतून बंद होत गेलं. विष्ठेचा आणि चिखलाचा गिलावा, आणि मधे चोच जाईल एवढी उभी फट. मी घाबरून मायला बोलावून आणलं.

"कोंडाई गयी ती!"

माय हसली. "कोंडाई नही वं. बाळंतीन शे ती. सोतानं दार सोता लिपी लिधं तिनी. आते अंडा घाली, पिलं व्हतीन, पंखबी झडतीन तिना. तवपावत नवरा चारी तिले."

"आनि त्यानी नही चारं ते?"

"नही कसा? दखजो तू."

आणि खरंच तो यायचा. दिवसभर. गळ्यात उंबरं, पिंपळाची फळं भरून आणायचा, खोडाला धरून बसायचा आणि एकेक फळ पुढे काढून फटीतून बाहेर आलेल्या तिच्या चोचीत ठेवायचा. कधी सरडा असायचा, कधी मोठा टोळ. खाटेवर पडल्या पडल्या आबांना ते समोरच दिसे. कधी नव्हे ते ते दुखणं विसरायचे. नर चारा घेऊन आला की "उना वं, उना! आज काय लयना देख," असं मला हाका मारून सांगायचे. आबांचा दिवस त्या पाखराच्या खेपांवर जात असे. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण नंतर घरात कुणालाच ते आठवेनासं झालं.

आखाजी जवळ आली. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. खापरावरच्या पुरणपोळ्या, आंब्याचा रस, झाडाझाडाला झोके. सासुरवाशिणीला वर्षातून तेवढेच दिवस स्वतःचे असतात. मायला त्या वर्षी जाता आलं नाही, आबांचं सगळं तीच करत होती. गल्लीतल्या माहेरवाशिणी आमच्या निंबाला झोका बांधायला आल्या तेव्हा मायने त्यांना हात जोडून वडाकडे वळवलं. "आठे नका वं बायाहो. आमनी एक बाळंतीन शे वर." सगळ्या हसल्या, वर बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाला कळलं होतं की आमच्या निंबात शिंगचोचीने घर केलंय.

त्यातूनच तो माणूस आला. धुळ्याकडचा कुणी औषधवाला. पांढरं धोतर, खांद्याला पडशी, बोलणं गोड. त्याने आबांचे गुडघे दाबून पाहिले, आबा ओरडले, त्याने मान डोलावली. मग निंबाकडे बोट केलं. म्हणाला, औषध तुमच्या दारात आहे आणि तुम्ही जळगावच्या वाऱ्या करताय. धनेशाची चरबी कढवायची, तेल निघतं, ते चोळायचं आणि थेंबभर पोटात द्यायचं. नर नाही कामाचा, तो उडून उडून वाळलेला असतो. आत बसलेली मादी आयतं खाऊन लोण्यासारखी झालेली असते, तीच हवी, आणि पिलं मोठी व्हायच्या आत हवी.

माय दारात उभी होती. सासऱ्यासमोर, परक्या पुरुषासमोर ती कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"पिलं शेतीन आत. त्यासले उडू द्या, मंग काय करनं ते करा."

"तवपावत आबाले असंच पडू देवाचं का?" भाऊ म्हणाले.

"गोळ्या चालू शेतस ना. डॉक्टरनी सांगेल शे, येळ लागी."

"डॉक्टर, डॉक्टर! तुना बाप राहता खाटवर ते तू पाखरू दखत बसती का?"

  मग मायने एक गोष्ट केली, जी मी तिच्या जागी केली असती की नाही सांगता येत नाही. ती आबांच्या खाटेजवळ जाऊन खाली बसली. डोक्यावरचा पदर सावरून म्हणाली, "आबा, तुम्ही सांगा. तुम्ही रोज दखतस ना तिले. तुम्ही नही म्हना, ते कोनी हात लावाव नही."

आबांनी निंबाकडे बघितलं. नर तेव्हा नेमका उंबर घेऊन आला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते त्यांना तसंही येत असे.

"मन्हं फार दुखस वं, बेटा," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे केलं.

माय उठली. मी आजही आबांवर रागवू शकत नाही. नंतर आयुष्यभर मी जळगावच्या एका दवाखान्यात परिचारिका होते, दुखणाऱ्या माणसाने काय काय कबूल केलेलं असतं ते मी पाहिलं आहे. पण त्या भिंतीकडे वळलेल्या तोंडाचा विसरही पडत नाही.

दगाला भाऊंनी शिडी लावून वर चढवलं. दगाला ते नको होतं. "भाऊ, पाप लागी," तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा भाऊ म्हणाले, "मले लागू दे." सब्बलीने गिलावा फुटायला वेळ लागला, इतका तो घट्ट झाला होता. दगाने आत हात घातला आणि ओरडून मागे काढला, तिने अंगठ्यावर चोच मारली होती, रक्त आलं होतं. मग त्याने हाताला गमछा गुंडाळला आणि तिला पंखाला धरून बाहेर ओढलं. तिला पंख म्हणजे नुसते खुंट होते, उडायची पिसंच नव्हती. खाली खळ्यात टाकल्यावर ती उडाली नाही. बिबड्या वाळत घातलेल्या धोतरावरून अडखळत निंबाच्या बुंध्याकडे चालत गेली. चालता येत होतं तेवढं चालली. भाऊंनी तिथेच तिची मान पिरगाळली. मागोमाग दगाने पिलं खाली आणली, उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली. ती कुत्र्याने नेली. कुणीच त्याला हाकललं नाही. मीही नाही.

तेल कढवायला भाऊंनी मायला हाक मारली. ती चुलीसमोर बसून राहिली. "मन्हा चुल्हावर नही," एवढंच म्हणाली. भाऊंनी तिला मारलं. याआधी त्यांनी तिला कधी मारलं नव्हतं, आणि मारल्यावर स्वतःच्या हाताकडे असे बघत राहिले की जणू तो दुसऱ्याचा आहे. पण थांबले नाहीत. शेजारून लोखंडी कढई मागून आणली, खळ्यात तीन दगड मांडले आणि स्वतःच कढवायला बसले. त्या वासाने मला उलटी झाली. एवढ्या मोठ्या पाखराचं तेल निघालं ते काजळाची डबी भरेल इतकं.

नर त्या संध्याकाळी आला. फुटलेल्या ढोलीच्या कडेला बसला, चोच आत घातली, बाहेर काढली. गळ्यातलं उंबर पुढे आणून चोचीत धरून बसला. मग दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला, पुन्हा आला. उंबर खाली पडलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भरलेल्या गळ्याने आला. तिसऱ्याही. किती दिवस आला ते मी मोजलं नाही, पण निंबाखाली उंबरांचा आणि पिंपळाच्या फळांचा सडा पडायला लागला आणि माय रोज सकाळी तो झाडून गोळा करून नदीच्या वाळूत टाकून यायची. आबांनी आपली खाट फिरवून घेतली.

आणि आबा बरे झाले. यातली सगळ्यात कडू गोष्ट हीच आहे. पंधरवड्यात बोटांची सूज उतरली, मग ते काठीने उठायला लागले, आणि पाऊस पडायच्या आत चालत मारुतीच्या पारावर जाऊन बसले. गावाने भाऊंना डोक्यावर घेतलं. पोरगा असावा तर असा. शेजारपाजारच्या गावांतून माणसं आबांचे गुडघे बघायला आली. माय एकदा जेवताना हळूच म्हणाली, "गोळ्याबी लागू पडन्यात." भाऊ म्हणाले, "गोळ्या ते आधीबी चालूच व्हत्यात ना. तेल लायं तवय फरक पडना." त्यांचं बोलणं ऐकायला बरोबर वाटत होतं. गोळ्या सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते आणि त्यांचा गुण यायला तेवढाच वेळ लागतो, हे मला पुढे दवाखान्यात शेकडो रोग्यांना तसल्याच गोळ्या देताना कळलं. तेव्हा सांगायला भाऊ नव्हते. असते तरी ऐकलं नसतं.

पोळ्याच्या सुमारास भाऊंनी गोळ्या बंद केल्या. गुण तेलाचा, मग पोटात विष कशाला? मायने भांडून पाहिलं. शेवटी उरलेल्या गोळ्या ती दुधात विरघळवून गुपचूप देत राहिली, पण त्या संपल्या आणि नवीन आणून देणारं कुणी नव्हतं. आबा पुन्हा खाटेला खिळले, आणि या वेळी पहिल्यापेक्षा वाईट. अंगात त्राण उरलं नाही, अन्न टिकेना. तसल्या गोळ्या एकदम तोडल्या की असं होतं, हेही मी पुढे दवाखान्यातच शिकले. भाऊ पाखरं शोधत रानोमाळ हिंडले. तेव्हा ढोल्यांत बसायचे दिवस नव्हते, म्हणून माणसं लावून मिळेल ते पाखरू मारून आणवलं. त्या औषधवाल्याने सांगितलंच होतं की उडत्या पाखराला चरबी नसते. नव्हतीच. कढईच्या तळाला नुसतं करपलेलं. दिवाळी आबांनी पाहिली नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना तेव्हा भाऊ घाटावर सगळ्यांसमोर रडले. म्हणाले, "आबा, तेल कमी पडनं. माफ करा." मायने तोंडाला पदर लावला. लोकांना वाटलं ती रडतेय. मी शेजारी बसले होते. ती रडत नव्हती.

तेल कमी पडलं. हेच वाक्य भाऊंनी पुढे आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं, आणि लोकांनी त्याचा अर्थ घेतला की जास्त असतं तर आबा वाचले असते. मग ज्याच्या घरात सांधे धरलेलं माणूस तो भाऊंकडे येऊ लागला. भाऊंना त्यात पैसा नको होता, त्यांनी कधी घेतला नाही. मला वाटतं, दुसऱ्याचा बाप वाचवला की आपला वाचवल्यासारखं त्यांना वाटत असावं. ढोल्या शोधणारी माणसं तयार झाली. मोहाची, आंब्याची म्हातारी झाडं एकेक करून पोखरली गेली. आमच्या बाजूला शिंगचोच्या दिसेनासा झाला. मागच्याच महिन्यात जळगावात बाजारातून येताना रिक्षा अडली, तर फुटपाथवर एक माणूस फडकं पसरून बसलेला, वर बाटल्या आणि मधोमध वाळलेली शिंगवाली चोच. माझ्या काठीकडे बघून म्हणाला, "मावशी, धनेशचं असली तेल, गुडघे पळतील." रिक्षावाला पोरगा मोबाइलवर बोलता बोलता म्हणाला, "लागतं हो ते, आमच्या आजीला लागलं." मी काठी आत ओढून घेतली. माझ्या मायचं कुणी ऐकलं नाही, माझं हा ऐकणार होता?

आबा गेले त्याच्या पुढच्या आखाजीला मायला माहेरी जायला मिळालं. आबांचं वर्ष झालं नव्हतं, घरात सण नव्हता, भाऊंनी कसं सोडलं कोण जाणे. बहुधा त्यांनाही ती काही दिवस समोर नको होती. ती त्यांच्याशी बोलायची, वाढायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची, पण त्यापलीकडे काही नाही. मी तिच्याबरोबर गेले. मामाचं घर शेतातच, मागे सातपुड्याचा डोंगर चढत गेलेला. पोचल्या दिवशीच मामा आम्हाला ओढ्याकाठच्या मोहाकडे घेऊन गेला. बहिणीला आवडतं म्हणून त्याने तिथलं शिंगचोच्याचं घरटं जपून ठेवलं होतं. ढोलीचं तोंड लिपलेलं, मधे फट, आणि फटीतून हलणारी चोच. माय झाडाखाली बसली आणि पहिल्यांदा रडली. आवाज करून, छाती पिटून, कुणी मेल्यावर रडावं तशी. मामा घाबरला. मी त्याला सगळं सांगितलं. तो साधा माणूस, ऐकून नुसता म्हणाला, "भाऊ असा नव्हता."

ते दिवस आम्ही रोज त्या मोहाखाली जात होतो. दुरून बघायचं, मोठ्याने बोलायचं नाही. ओढ्याच्या पलीकडे आणखी एक जोडी होती.

भाऊ आम्हाला न्यायला आले. मामीने रस-पोळी केली होती, दुखवट्यातल्या जावयाला म्हणून तळण टाळून. जेवताना भाऊंनी मामाला विचारलं, "आठे जंगलमा शिंगचोच्या व्हई ना अजून? एक मोठा मानूस शे भडगावना, त्यानी माय अंथरुनवर शे. मी शबद दिधा त्याले."

मामाचा घास हातातच राहिला. खोटं बोलणं त्याला येत नव्हतं, आणि बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणणंही येत नव्हतं. तो तोंड उघडणार एवढ्यात चुलीपुढून मायचा आवाज आला.

"कोठे शेतस आते? मी रोज जाई वनू. लाकूडतोड चालू शे वर. बठ्ठा उडी गयात."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "काय वं, तुले दिसना का एखादा?"

"नही, भाऊ," मी म्हणाले.

मामा ताटाकडे बघून जेवू लागला. भाऊंनी रसाची वाटी पुढे ओढली. माय त्यांच्याशी कधी खोटं बोललीच नव्हती, त्यामुळे तिचं ते पहिलं खोटं त्यांना ओळखता आलं नाही.

दुपार कलल्यावर आम्ही बससाठी निघालो. भाऊ पुढे, मागे माय गाठोडं घेऊन, तिच्यामागे मी. ओढा ओलांडताना मोहाच्या बाजूने हाक आली, लांब, चिरकी, वरून खाली घसरत जाणारी. नराची हाक. तो चारा घेऊन आला होता.  माय थांबली नाही.

भाऊ थांबले. हात डोळ्यांवर धरून वर बघितलं. उन्हात काही दिसेना. इतकी पाखरं त्यांनी मारली, मारवली, कढवली, पण शोधायला नेहमी दुसरी माणसं असायची. शिंगचोच्याची हाक त्यांनी कधी कान देऊन ऐकलीच नव्हती.

"काय वं ते?"

"घार," माय म्हणाली.

भाऊंनी पुन्हा ऐकलं. मोहाकडून पुन्हा तीच हाक आली.

"हा, घारच शे," ते म्हणाले, आणि चालू लागले.